शाळेतली हजेरी आणि वेळ: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

जून उजाडला की शाळेच्या फाटकाशी, फोनवर आणि पालकसभेत हे प्रश्न येऊ लागतात, ते पार एप्रिलपर्यंत येत राहतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे उत्तरांचा भर पहिली ते आठवीवर आहे. नववी-दहावीचं जिथं वेगळं आहे तिथं तसं सांगितलं आहे. नियम महाराष्ट्रातले आहेत. नुसतं ‘कायदा’ म्हटलं असेल तिथं बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ समजावा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे.

१. बाई, पहिली-दुसरीत असं काय शिकवतात की दोन दिवस बुडाले तर बिघडेल?

सगळ्यात जास्त बिघडतं ते याच वर्गांत. दहावीचा मुलगा दोन दिवस आला नाही तर पुस्तक उघडून धडा वाचू शकतो. पहिलीच्या मुलाला अजून वाचताच येत नसतं, तर तो काय उघडणार? समजा सोमवारी वर्गात दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून दशक-एकक झालं आणि तुमचं मूल नव्हतं. पुढच्या आठवड्यात हातच्याची बेरीज आली. मूल फळ्यावरून गणित उतरवून घेतं, उत्तरही बरोबर लिहितं, पण तो एक वर कुठून आला हे त्याला कळलेलं नसतं. हे तिसरीत वजाबाकीला उघडं पडतं, आणि तेव्हा आपण म्हणतो, ‘याला गणित जमत नाही.’

‘वही पूर्ण करून घेऊ’ असं पालक म्हणतात. पण लहान वर्गातलं बरंचसं शिकणं वहीत उतरतच नाही. गोष्ट ऐकणं, चार जणांत उभं राहून बोलणं, शेजारच्याबरोबर बोट ठेवून वाचणं याची वही नसते. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत, यासाठी २०२१ पासून देशभर ‘निपुण भारत’ अभियान सुरू आहे, ते याच वर्षांच्या मोलामुळे.

२. महिन्यातून दोन-तीन दिवस घरी राहिलं तर एवढं काय होतं?

कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. महिन्याला दोन दिवस बुडाले तर दहा महिन्यांत २० दिवस, म्हणजे वर्षाचा दहावा हिस्सा. अनेक देशांत हीच धोक्याची रेघ मानतात. चार वर्षं असंच चाललं तर चौथी संपेपर्यंत ८० दिवस जातात. मूल नापास झालेलं नसतं, कुणी तक्रार केलेली नसते, आणि तरी एका वर्षाच्या पाच हिश्श्यांपैकी दोन हिस्से शाळा त्यानं पाहिलेलीच नसते.

टायफॉइडनं सलग पंधरा दिवस घरी राहिलेल्या मुलाची मला कमी काळजी वाटते. त्याचं काय बुडालं हे सगळ्यांना माहीत असतं आणि आम्ही ते भरून काढतो. सुटे-सुटे गेलेले दिवस कुणाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून महिन्याच्या शेवटी कॅलेंडरवर खुणा करून मोजा. घरच्या अंदाजापेक्षा आकडा बहुधा मोठाच निघतो.

३. दहा मिनिटं उशीर झाला तर चालतं ना? तेव्हा नुसता परिपाठच तर असतो.

रोज दहा मिनिटं म्हणजे २०० दिवसांत २००० मिनिटं, सुमारे ३३ तास. दिवसाला चार तास शिकवणं धरलं तर आठ दिवस. हे दिवस हजेरीपटावर दिसत नाहीत, कारण मुलाची हजेरी लागलेली असते.

आणि परिपाठ ‘नुसता’ नसतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलं माइक नसताना शंभर जणांसमोर मोठ्यानं बोलायला शिकतात ती इथंच. मग वर्गात गेल्यावर पहिली पाच मिनिटं आज काय करायचं हे ठरतं. ती चुकलेलं मूल पुढचा तासभर शेजाऱ्याच्या वहीत डोकावत राहतं. काही मुलं लाजेनं विचारतही नाहीत.

४. उशीर झाला म्हणून मुलाला बाहेर उभं करतात, मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. हे बरोबर आहे का?

नाही. कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. त्याहून साधी गोष्ट अशी की सहा-सात वर्षांचं मूल स्वतःहून उशिरा येत नाही. त्याला उशिरा उठवलेलं असतं, रिक्षावाले काका उशिरा आलेले असतात, किंवा धाकट्याला अंगणवाडीत सोडून ते आलेलं असतं. मोठ्यांच्या उशिराची शिक्षा त्याला देण्यात न्याय नाही, आणि वर्गाबाहेर ठेवल्यानं बुडालेल्या दहा मिनिटांची चाळीस होतात.

आधी वर्गशिक्षकांशी बोला, मग मुख्याध्यापकांशी. तरी थांबलं नाही तर शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी द्या, त्यानंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. आणि हो, शिक्षकानं नियमित आणि वेळेवर यावं हेही याच कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलेलं आहे. आम्ही उशिरा येत असू तर तेही विचारा.

५. सकाळची शाळा आहे आणि मूल उठतच नाही. रोज रडारड. काय करू?

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. साडेसहाला उठायचं तर साडेनऊला झोप लागलेली हवी, अंथरूण घातलेलं नव्हे. आई-वडील कामावरून नऊला येतात, मूल वाट पाहत जागं राहतं, मग जेवण, मग मोबाइल. या घरात सकाळी रडारड होणारच. यात मुलाचा आळस नाही.

झोपेची वेळ एकदम तासभर अलीकडे आणू नका. दर चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. रविवारीही उठायची वेळ फार लांबवू नका, नाहीतर सोमवार हमखास जातो. दप्तर, गणवेश, बूट रात्रीच एका जागी ठेवा, आणि ते मुलालाच ठेवू द्या. झोपायच्या खोलीत मोबाइल नको, मोठ्यांचाही.

शाळेची वेळच फार लवकरची असेल तर हेही माहीत असू द्या: पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला आहे. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांना अडचणी आहेत, पण पालकसभेत हा विषय काढायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

६. सर्दी-ताप असेल तर पाठवू का? डोळे आले असतील तर?

नुसतं नाक वाहतंय, पण मूल खेळतंय, जेवतंय तर पाठवा. ताप असेल तर नको. औषध न देता चोवीस तास ताप आला नाही, मग पाठवा. सकाळी तापाचं औषध पाजून पाठवलेलं मूल मधल्या सुट्टीपर्यंत पुन्हा तापतं. उलट्या-जुलाब असतील तर थांबल्यानंतरही एक दिवस घरी ठेवा.

कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस. डोळे आले असतील तर पाणी आणि चिकटा थांबेपर्यंत ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. २०२३ च्या पावसाळ्यात एकेका वर्गातले निम्मे बाक रिकामे झालेले आम्ही पाहिलेत. उवांसाठी मात्र शाळा बुडवायची गरज नाही. घरी उपचार करा, आणि कुणी मुलीला त्यावरून चिडवत असेल तर आम्हाला कळवा.

७. रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. रविवारी अजिबात दुखत नाही. नाटक करतोय का?

बहुतेक वेळा नाटक नसतं. भीतीनं खरंच पोट दुखतं. आधी डॉक्टरांना दाखवा. शरीरात काही नाही असं ठरलं की शाळेत काय आहे ते शोधायचं.

‘का जात नाहीस?’ असं विचारलं की मुलं गप्प होतात. त्याऐवजी दिवसाचा एकेक तुकडा विचारा: व्हॅनमध्ये शेजारी कोण बसतं, डबा कुणाबरोबर खातोस, शौचालयात जातोस का, कोणत्या तासाला नको वाटतं. मला आजवर मिळालेली कारणं फार साधी होती. संडासाला आतून कडी नाही. मोठ्यानं वाचायला सांगतात आणि सगळे हसतात. मागच्या बाकावरचा रोज डबा उघडून खातो. एका मुलीला तर पाढे म्हणायची वेळ आली की घाम फुटायचा, आणि आम्हाला वाटायचं ती आळशी आहे.

कारण शोधताना मुलाला आठवडेच्या आठवडे घरी ठेवू नका. जितके दिवस जातात तितकं परत येणं अवघड होतं. कारण शिक्षकांना सांगा, पहिल्या दिवशी थोडा वेळ बसू द्या, पण पाऊल शाळेत पडू द्या. मारहाण किंवा नकोसा स्पर्श असं काही कानावर आलं तर मात्र त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जा. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही आहे.

८. मुलगी वयात आली. दर महिन्याला तीन-चार दिवस घरीच राहते. काय करावं?

बहुतेक मुली दुखतं म्हणून कमी आणि सोय नाही म्हणून जास्त घरी राहतात. मुलींसाठी वेगळं शौचालय असणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण त्यात पाणी, आतून कडी आणि झाकणाची कचरापेटी असते का, हे शाळेत जाऊन स्वतः पाहा. नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. समितीत निम्म्या महिला असाव्यात हा नियम अशाच कामासाठी उपयोगी पडतो. दप्तरात एक पॅड आणि जादा कपडा ठेवा, आणि कोणत्या बाईंकडे जायचं ते मुलीला आधीच सांगून ठेवा. दुखणं असह्य असेल तर डॉक्टर. ‘सहन कर’ हे उत्तर नव्हे.

९. कांदा काढणीला, कापूस वेचणीला हात कमी पडतात. आठवडाभर मुलगा शेतात आला तर चालेल का?

घरच्या कामात मुलानं मदत करणं वाईट नाही. बालकामगार कायद्यात २०१६ ला झालेल्या दुरुस्तीनंतरही चौदा वर्षांखालच्या मुलाला घरच्या कामात मदतीची मुभा आहे. पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचं नसेल तरच. दुसऱ्याच्या शेतात रोजानं पाठवणं हा गुन्हा आहे.

मजूर मिळत नाहीत, भाव कधी पडेल सांगता येत नाही, हे मी रोज पाहते. तरी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मुलगा शेतात गेला तर चार जणांना दिसतं. मुलगी घरी धाकट्याला सांभाळायला राहिली तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि गैरहजर मुलींत अशाच जास्त असतात. भावंड तीन ते सहा वर्षांचं असेल तर अंगणवाडीत घाला. त्याहून लहान असेल तर शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून आळीपाळीनं सांभाळायची सोय करा. काही वस्त्यांवर बायकांनी हे आपणहून केलंय आणि मुली पुन्हा येऊ लागल्यात.

१०. आम्ही ऊसतोडीला जातो. मूल बरोबर नेलं नाही तर ठेवायचं कुठं?

गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे मूल बरोबर गेलं तर दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण जातं. दोन-तीन हंगाम असे गेले की ते वर्गात वयानं मोठं आणि वाचनात मागं पडतं, मग स्वतःच शाळा सोडतं.

गावात आजी-आजोबा किंवा नातेवाईक असतील तर हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणाऱ्या या सोयीत मूल गावातच राहतं, शाळेत जातं आणि त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची व्यवस्था होते. पण प्रस्ताव वेळेवर जावा लागतो, म्हणून मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतली त्याच आठवड्यात शाळेत येऊन सांगा. टोळीचा ट्रक निघायच्या आदल्या रात्री सांगितलं तर आमच्या हातात काही राहत नाही.

मूल न्यावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत त्याच वर्गात बसता येतं. दाखला नाही म्हणून कोणतीही सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. दाखल्याला उशीर हे प्रवेश अडवण्याचं कारण होऊ शकत नाही असं कलम ५ सांगतं. वीटभट्टी, बांधकाम, मासेमारी यांसाठी स्थलांतर करणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

११. गणपतीला कोकणात जायचं, मामाचं लग्न आहे, आजीला वारीला न्यायचंय. इतकंही करायचं नाही का?

करायचं. घरातलं दुःख, जवळच्यांचं लग्न, आजारी आजीची भेट यांपासून मुलाला तोडावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण रविवार सोडून वर्षात ७६ पर्यंत सुट्ट्या मिळतात. शक्य ते त्यांत बसवा. दिवाळीच्या सुट्टीला पुढं चार दिवस आणि मागं चार दिवस जोडणं टाळा. जूनमध्ये शाळा उघडल्यावरचा पहिला आठवडा तर मुळीच बुडवू नका. मैत्री जमते, बाकावरची जागा ठरते ती त्याच आठवड्यात.

जाणार असाल तर आधी दोन ओळींची चिठ्ठी द्या आणि खरं कारण लिहा. ‘ताप होता’ असं लिहिलं आणि मुलानं वर्गात लग्नातल्या जेवणाचं वर्णन केलं, तर अडचणीत ते मूल येतं.

१२. ओढ्याला पाणी आलं, रस्ता बंद आहे. गैरहजेरी लागेल का?

पाठवू नका. शाळेत फोन करा. जिवापेक्षा हजेरी मोठी नाही.

१३. शाळा लांब आहे आणि एसटी रोज उशिरा येते. मुलगी दुसऱ्या तासाला पोचते. आम्ही काय करणार?

प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी, असा आपल्याकडचा नियम आहे. तशी नसेल तर वाहतूक भत्त्याबद्दल मुख्याध्यापकांना विचारा. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रम २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत आहे. तिथं आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते.

गाडीच्या वेळेसाठी एकट्यानं भांडू नका. गाडीनं येणाऱ्या सगळ्या मुलांची नावं, पोचण्याची रोजची वेळ असा पंधरा दिवसांचा तक्ता करून मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगारप्रमुखांकडे द्या. तोवर या मुलीला ‘उशिरा आली’ म्हणून बोल लावू नये, हे मी शिक्षकांनाही सांगते (प्रश्न ४ पाहा).

१४. हजेरी कमी पडली तर नापास करतील का? नाव काढून टाकतील का?

आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. वर्गाचं म्हणाल, तर २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात कमी पडलेल्यांची पुरवणी परीक्षा होते, तरी जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवलं जातं. हजेरीवरून थेट नव्हे, पण न आलेलं मूल तिथं अडखळतं.

दहावी-बारावीला मंडळाची ७५ टक्के हजेरीची अट आहे. आजारपण असेल तर वैद्यकीय कागद तेव्हाचे तेव्हा शाळेत जमा करा. फेब्रुवारीत गोळा करायला गेलात तर मिळत नाहीत. शाळा सुटलीच असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं. तो मार्ग कामाला लागलेल्या, संसारात अडकलेल्यांसाठी मोलाचा आहे. क्लासला वेळ मिळावा म्हणून चांगल्या चालत्या शाळेतून मुलाला काढायला तो वापरू नका.

१५. मूल पाठवलं नाही तर पालकांना दंड होतो का?

आज नाही. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं कलम १० म्हणतं, पण शिक्षा लिहिलेली नाही. पूर्वी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी एक रुपया मजुराला झोंबणारा होता. आताचा कायदा मुलांच्या हजेरीवर लक्ष ठेवायची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकतो. मला हे योग्य वाटतं. ज्या घरांतली मुलं सर्वात जास्त गैरहजर असतात, त्यांच्याकडून दंड घेऊन मूल परत येणार नाही.

१६. माझं मूल दिव्यांग आहे. आठवड्यातून दोन दिवस उपचाराला न्यावं लागतं. हजेरीचं काय?

उपचाराचं वेळापत्रक शाळेला लेखी द्या आणि शक्य तर दुपारची वेळ मागा, म्हणजे मूल सकाळी वर्गात असेल. तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीनं दिला आहे. पण तो निवडायचा हक्क मुलाचा आणि पालकांचा आहे. ‘याला घरीच ठेवा’ असं शाळा सांगत असेल तर ते मान्य करू नका.

१७. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस देतात म्हणून मुलगी तापातही जायचं म्हणते. जाऊ देऊ?

नको. ताप असेल तर प्रश्न ६ मधलं उत्तरच लागू. शंभर टक्क्यांचं बक्षीस मला पटत नाही. दमा असलेल्या मुलीला ते कधीच मिळणार नसतं. मागच्या महिन्यात दहा दिवस आला आणि या महिन्यात अठरा दिवस आला, अशा मुलाचं कौतुक वर्गासमोर करावं.

१८. मुलगा दीड महिना गेलाच नाही. आता पाठवायची लाज वाटते. कसा पाठवू?

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही एकटे येऊन भेटा. झालं ते सांगा. आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच्या ओळखीच्या मुलाशेजारी जागा ठेवतो, आणि ‘इतके दिवस कुठं होतास?’ असं वर्गात कुणी विचारायचं नाही हे आधी ठरवतो. खूप मागं राहिला असेल तर वयानुसार वर्गात बसवून वेगळं शिकवायची तरतूद कलम ४ मध्ये आहे, ती मागून घ्या. बुडालेल्या सगळ्या वह्या उतरवायला लावू नका. भाषा आणि गणितातलं पुढच्या धड्याला लागेल तेवढंच घ्या. पहिले दोन आठवडे वेळेआधी दहा मिनिटं पोचवा, म्हणजे भरल्या वर्गात सगळ्यांच्या नजरा झेलत आत जावं लागणार नाही. गणवेश आता लहान होत असेल तर साध्या कपड्यांत पाठवा, मी मुख्याध्यापकांशी बोलते.